१२८ की १६३८४? दोन्ही उत्तरे खरी!

पोस्टग्रेस हा डेटाबेस नुकताच बसवलाय, सेटिंगना कुणी हात लावलेला नाही. अशा वेळी ‘शो शेअर्ड_बफर्स’ अशी आज्ञा दिली, की बहुतेक संगणकांवर उत्तर येते: १२८ एमबी. आता हेच सेटिंग ‘पीजी_सेटिंग्ज’ या तक्त्यात बघा. तिथे आकडा असतो १६३८४!

उलगडा शेजारच्या ‘युनिट’ रकान्यात आहे. तिथे लिहिलेले असते, ८ केबी. पोस्टग्रेस सगळा डेटा आठ-आठ किलोबाइटच्या पानांत ठेवतो आणि शेअर्ड बफर्स ही सामाईक मेमरीही पानांतच मोजतो. १६३८४ गुणिले ८ म्हणजे १३१०७२ केबी. त्याला १०२४ ने भागले की नेमके १२८ एमबी.

खरी गंमत पुढे आहे. एकच पान वाढवून १६३८५ करा आणि डेटाबेस पुन्हा सुरू करा. आता ‘शो’ म्हणते, १३१०८० केबी! एमबी गेले कुठे? बाकी न उरता भाग जाईल असे सर्वांत मोठे एकक पोस्टग्रेस निवडतो. तसे एमबीत जमत नसेल, तर तो केबीवर उतरतो. पण आकडा ढोबळ करून सांगत नाही. एका पानाचाही हिशेब न सोडणारा हा काटेकोरपणा मला थक्क करतो.

मात्र मेमरीच्या आकड्यांचे अर्थ सेटिंगनुसार वेगवेगळे असतात. ‘वर्क_मेम’ ४ एमबी दिसते, पण ती मर्यादा एकेका सॉर्ट किंवा हॅशपुरती; एकाच क्वेरीत अशी कामे अनेक असू शकतात. ‘इफेक्टिव्ह_कॅशे_साइझ’ ४ जीबी दाखवते आणि प्रत्यक्षात एक बाइटही अडवत नाही! क्वेरीचा मार्ग आखणाऱ्या प्लॅनरला दिलेला तो निव्वळ अंदाज आहे.

शिवाय प्रत्येक आकड्याची कुळकथाही ‘पीजी_सेटिंग्ज’ तक्त्यात असते. ‘सोर्स’ रकाना सांगतो, मूल्य मूळचे आहे की कॉन्फिगरेशन फाइलमधून आलेले; पुरेसा अधिकार असेल तर फाइलचे नाव आणि ओळ क्रमांकही दिसतो. शेअर्ड बफर्सचा आकडा फाइलमध्ये बदलून ती नुसती रीलोड केली, तर ‘शो’ जुनेच मूल्य दाखवते, कारण डेटाबेस अजून त्यावरच चाललेला असतो. ‘पेंडिंग_रीस्टार्ट’ रकाना मात्र लगेच ‘ट्रू’ होतो.

म्हणून मेमरीचा आकडा बदलण्याआधी युनिट, सोर्स आणि पेंडिंग रीस्टार्ट हे तीन रकाने जरूर वाचा. डेटाबेस स्वतःबद्दल इतके नेमके सांगत असताना अंदाजाने चालायचे कशाला?