मजकूर निघाला, फोटो मागेच राहिला

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचं झाड उभं करतात, त्याच्या शेंड्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दोन्हींच्या मध्ये दगडांचा वर्षाव. प्रशासनाने रबरी चेंडूंचा पर्याय देऊन पाहिला, पण तो टिकला नाही. दरवर्षी माणसं जखमी होतात. या खेळात जीवही गेले आहेत. वर्षातल्या या एका दिवशी देशभरातल्या बातम्यांत पांढुर्ण्याचं नाव येतं, आणि ते कोणत्या फोटोसोबत येतं यावर बाहेरच्या माणसाच्या मनातलं पांढुर्णा ठरतं. उरलेल्या वर्षात इथला संत्र्याचा बागायतदार, शाळा, देवस्थान, उत्सव समिती आपापले संदेश पाठवत असतात. त्यातले बरेचसे फोटोविनाच जातात.

याचं कारण आळस नव्हे, यंत्रणा आहे.

संस्थेच्या वेबसाइटवर ‘व्हॉट्सॲपवर पाठवा’ असं बटण असतं. ते दाबलं की आधीच लिहून ठेवलेला मजकूर चौकटीत येतो आणि पाठवणाऱ्याला फक्त नाव निवडावं लागतं. सोय मोठी आहे, पण त्या बटणामागचा दुवा अक्षरंच वाहून नेतो. त्यात फोटो जोडायला जागाच नाही. एक्सचं तयार पोस्टचं बटणही तसंच. फेसबुक तर आधी लिहिलेला मजकूरही घेत नाही. आपले शब्द वापरणाऱ्याने स्वतः लिहावेत, असा तिथला नियम आहे.

मग बातमीचा दुवा पाठवल्यावर खाली फोटोसकट कार्ड दिसतं, ते येतं कुठून? पाठवणाऱ्याकडून नाही, पानाकडून. फेसबुकने २०१० मध्ये ओपन ग्राफ नावाची पद्धत आणली. पानाच्या न दिसणाऱ्या भागात मथळा, थोडक्यात वर्णन आणि चित्राचा पत्ता लिहून ठेवायचा. दुवा जिथे जाईल तिथलं ॲप तो वाचून कार्ड तयार करतं. पुढे व्हॉट्सॲप, टेलिग्राम, लिंक्डइन साऱ्यांनी हीच खूण वाचायला सुरुवात केली. चित्राचा पत्ता लिहिलेला नसेल, तर ॲप पानावरचं मिळेल ते चित्र उचलतं, नाहीतर कार्ड कोरंच राहतं. म्हणजे संत्र्याच्या बागेच्या बातमीला जाहिरातीची पट्टी चिकटू शकते. पूर्वी फेसबुकवर दुवा टाकणाऱ्याला हे चित्र बदलता येई. खोट्या बातम्यांसाठी त्याचा गैरवापर होऊ लागला, तेव्हा २०१७ मध्ये ती मुभा काढून घेण्यात आली. निर्णय पूर्णपणे पान तयार करणाऱ्याच्या हाती आला.

म्हणूनच मजकूर लिहिणाऱ्यानेच त्याच बैठकीत फोटोही निवडायला हवा. कार्डासाठी १२०० बाय ६३० पिक्सेल हे माप सर्वत्र चालतं. फाइल ६०० किलोबाइटच्या आत ठेवली तर व्हॉट्सॲपला ती पेलते. हे माप आडवं आहे, आणि इथल्या विषयांशी त्याचं नातं मजेशीर आहे. सौसर तालुक्यातल्या जामसावळीचा हनुमान निद्रावस्थेत आहे, आडवा. त्याचा पूर्ण फोटो या चौकटीत छान बसतो, पण तेच कार्ड कुठे लहान चौकोनी झालं, की मूर्तीचा मुखभाग तरी जातो नाहीतर पाय. गोटमारीचा पळस उभा; आडव्या चौकटीत त्याचा झेंडाच कापला जातो. तेव्हा मुख्य गोष्ट मधोमध आणि कडेला भरपूर मोकळी जागा, असा फोटो शोधावा किंवा मुद्दाम काढावा.

फोटोवरच अक्षरं लिहिण्याचा मोह आवरलेला बरा. देवनागरीच्या मात्रा, रफार आणि जोडाक्षरं लहान आकारात एकमेकांत मिसळतात. लिहायचंच असेल तर ठिकाण आणि वर्ष, एवढंच, पण ते जरूर लिहावं. जुना फोटो नव्या तारखेला फिरतो तेव्हा त्याला थांबवणारं तेवढंच काहीतरी त्याच्या अंगावर असतं. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या फोटोतली आतली तारीख आणि जागेची नोंद तर वाटेतच गळून पडते.

जखमी माणसाचा चेहरा कार्डावर कधीच नको. बातमी उघडायची की नाही हे वाचणारा ठरवतो, कार्ड मात्र न विचारता समोर येतं. कुटुंबाच्या ग्रुपवर, लहान मुलाच्या हातातल्या फोनवरही.

भाषेचा प्रश्न इथे वेगळा आहे. १९५६ च्या पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं, हा भाग मध्य प्रदेशात राहिला. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, सोयरीक नागपूर-वरूडकडे. एकच संदेश दोन्ही भाषांत जायचा असेल तर दोन पानं आणि प्रत्येकाला आपला मथळा असणं चांगलं. फोटो एकच चालतो. त्याचं वर्णन मात्र दोन्ही भाषांत द्यावं, म्हणजे डोळ्यांनी न पाहू शकणाऱ्या वाचकाला स्क्रीन रीडर ते वाचून दाखवेल.

फोटो खरोखर मजकुरासोबतच पाठवायचा असेल, तर त्यालाही वाट आहे. क्रोमने २०१९ पासून अँड्रॉइड फोनवर पानाला फोटोची फाइल आणि मजकूर एकत्र पुढे देण्याची मुभा दिली. बटण दाबलं की फोनची नेहमीची शेअर यादी उघडते आणि निवडलेल्या ॲपला दोन्ही मिळतात. काही ॲप त्यातला मजकूर गाळतात, त्यामुळे लोकांच्या हाती देण्याआधी दोनचार फोनवर पाहून घ्यावं लागतं.

अडचणी बहुतेक साध्याच असतात. व्हॉट्सॲपचं कार्ड पाठवणाऱ्याच्याच फोनवर तयार होतं. रेंज कमी असताना ते दिसण्याआधीच बाण दाबला, तर समोरच्याला नुसता दुवा मिळतो. क्षणभर थांबून मग पाठवणं एवढाच उपाय. पानावरचं चित्र बदलूनही फेसबुकवर जुनंच दिसत असेल, तर त्याने आधीची प्रत साठवून ठेवलेली असते. शेअरिंग डीबगर या त्याच्या मोफत साधनात दुवा टाकून ‘स्क्रेप अगेन’ दाबलं की नवं चित्र येतं. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू होण्याआधी बागायतदारांच्या गटाने हे एकदा करून घेतलं, तर व्यापाऱ्याच्या फोनवर गेल्या हंगामातलं फळ दिसत राहणार नाही.