संगणक कार्यप्रणालीचे अद्ययावतीकरण आणि परवानगीविषयक त्रुटी : मालवण किनाऱ्यावरील महाविद्यालयीन संगणक कक्षांच्या संदर्भात

प्रस्तावना :
मालवण परिसरात पावसाळ्यात वीज वारंवार खंडित होते. संगणक कक्षात कार्यप्रणालीचे अद्ययावतीकरण चालू असताना ती गेली, तर पुढील प्रयत्नात कधी कधी 'प्रवेश नाकारला' असा संदेश पडद्यावर उमटतो. अशा वेळी कक्ष सांभाळणाऱ्यास सोपा मार्ग सुचतो, तो म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या खात्यास प्रशासकाचे अधिकार देऊन टाकणे. हा उपाय मूळ दुखण्यापेक्षा घातक कसा ठरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

त्रुटीचे स्वरूप :
विंडोजमध्ये ही त्रुटी बहुधा ८००७०००५ या क्रमांकाने प्रकट होते. यातील अखेरचा ५ हाच 'प्रवेश नाकारला' या अर्थाचा संकेत होय. २००७ च्या व्हिस्टापासून प्रणालीच्या बहुतेक मूळ फायलींची मालकी प्रशासकाकडेही नसून 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' या अंतर्गत सेवेकडे असते. सिंधुदुर्ग किल्ल्याचे महाद्वार परक्यास सहज दिसत नाही. येथे तर घरच्या धन्यालाही कारभाऱ्यामार्फतच आत जावे लागते! म्हणूनच फायलींची मालकी बळाने स्वतःकडे घेणे इष्ट नव्हे.

निवारण :
प्रथम आपण प्रशासकाच्या खात्यातून काम करीत आहोत ना, हे पाहावे. त्यानंतर अद्ययावतीकरणाची सेवा थांबवून 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन' या फोल्डरचे नाव बदलावे व सेवा पुन्हा सुरू करावी. प्रणाली तो फोल्डर योग्य परवानग्यांसह नव्याने निर्माण करते. एवढ्याने भागले नाही तर 'डिस्म'ची 'रिस्टोअर हेल्थ' आज्ञा व मागाहून 'एसएफसी स्कॅन नाऊ' ही आज्ञा द्यावी. हा क्रम उलटा करू नये. दुसरी आज्ञा ज्या साठ्यातून निर्दोष प्रती घेते, तो साठा पहिली आज्ञा दुरुस्त करते.

उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीत आज्ञेपूर्वी 'सुडो' लावणे बहुधा पुरेसे असते. 'लॉक' फाइलचा अडथळा आल्यास मात्र ती फाइल खोडू नये. पार्श्वभूमीवर दुसरे अद्ययावतीकरण चालू असल्याची ती खूण असते. ते पूर्ण होऊ द्यावे.

विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जुन्या यंत्रावर अद्यतने येतच नसतील, तर तो परवानगीचा दोष समजू नये.

सर्वाधिकाराचा धोका :
२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या घातक आज्ञावलीने जगभर थैमान घातले. तिच्या तडाख्याने न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. ती ज्या उणिवांतून शिरे, त्या बुजविणारे अद्यतन मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाले होते. परंतु एका यंत्राच्या स्मृतीतून प्रशासकाचा परवलीचा शब्द हस्तगत करून ती अद्ययावत यंत्रांतही शिरत असे. सर्व यंत्रांवर एकच परवलीचा शब्द ठेवणाऱ्या कक्षाने याचा विशेष विचार करावा. विद्यार्थ्यांस सामान्य खाते द्यावे, प्रत्येक यंत्राच्या प्रशासकाचा परवलीचा शब्द निराळा ठेवावा आणि अद्ययावतीकरणाचा दिवस शक्यतो पावसाळ्यापूर्वीचा निवडावा. पावसाळ्यात ते करणे भागच पडले, तर यूपीएसची बॅटरी आधी तपासून घ्यावी.