पुढचा वस्ताद कोण?

निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की पणजी सव्वाशेच्या आसपास. बंगळूर मात्र पाचशेच्या घरात. त्यामुळे सीमाभागातल्या फुटबॉलवेड्यांच्या कानावर आधी पडली ती कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरची नावे: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. घाटाखालून आली धेंपो, साळगावकर, चर्चिल. बंगळूर एफसीचा जन्म 2013 चा, म्हणजे आमच्या वेडापेक्षा खूप अलीकडचा. या तिन्ही दिशांना तोंड करून बसल्यामुळे एक गोष्ट आम्हाला जवळून पाहता आली. संघ हरू लागला की सगळीकडे पहिली आरोळी एकच उठते, 'कोच बदला!' बदलतातही. बदलल्यानंतर काय होते, ते मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. हा आढावा त्या वेगळेपणाचा आहे.

सुरुवात गोव्यापासून करतो, कारण गेल्या काही वर्षांतला सर्वांत बोलका प्रसंग तिथलाच. सर्जिओ लोबेरा 2017 मध्ये एफसी गोवाचे प्रशिक्षक झाले. चेंडू पायाशी ठेवून, छोट्या पासांनी समोरच्याला दमवणारा खेळ त्यांनी रुजवला. 2018-19 च्या हंगामात संघ आयएसएलच्या अंतिम फेरीत पोचला आणि 2019 मध्ये सुपर कप जिंकला. पुढच्या हंगामात साखळीचे तीन सामने उरलेले, गोवा गुणतक्त्यात सर्वांत वर, आणि 31 जानेवारी 2020 रोजी क्लबने लोबेरांना निरोप दिला. व्यवस्थापनाशी मतभेद झाल्याच्या बातम्या आल्या. पहिल्या क्रमांकावरच्या संघाचा कोच काढणे म्हणजे हातातोंडाशी आलेला घास टाकणे, असेच तेव्हा सर्वांना वाटले. मलाही वाटले होते.

सूत्रे आली क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे. ते धेंपोचे जुने मिडफिल्डर, घरचेच. सोबतीला तांत्रिक संचालक डेरिक परेरा. उरलेल्या तीन सामन्यांत गोव्याने हैदराबादला 4-1, मुंबईला 5-2 आणि जमशेदपूरला 5-0 असे हरवले. तीन सामन्यांत चौदा गोल! साखळीतील अव्वल स्थानाची ढाल गोव्याकडे आली आणि त्या जोरावर आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. उपांत्य फेरीत मात्र चेन्नईयिनने दोन सामन्यांच्या बेरजेत एका गोलने मात केली, तेव्हा सगळेच सुरळीत झाले असे कोणी म्हणू नये. तरीही हंगाम मोडला नाही, कारण लोबेरांच्या जागी उभा राहणारा माणूस आधीच घरात होता. खेळाडूंना तो ओळखत होता, खेळाची चाल त्याला पाठ होती.

पुढची गोष्ट तर अधिकच बोलकी. एप्रिल 2023 मध्ये याच मिरांडांनी हंगामी प्रशिक्षक म्हणून ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला, अंतिम सामन्यात बंगळूर एफसीला 2-1 ने हरवून. त्यानंतर ओडिशाने कायमचे प्रशिक्षक म्हणून नेमले कोणाला? सर्जिओ लोबेरांना. जानेवारी 2024 मध्ये मोहन बागानने हुआन फेरांडोंना काढले, तेव्हा सुपर कपपुरती जबाबदारी पुन्हा मिरांडांवरच पडली. तीन क्लब, तीन वेळा 'तेवढ्यापुरते सांभाळ'. भारतीय प्रशिक्षकांच्या वाट्याला हेच जास्त येते आणि मला ते सलते.

मिरांडा कोणाच्या हाताखाली घडले, हे पाहिले की धागा मागे धेंपोकडे जातो. आर्मांदो कुलासो यांनी एका तपाहून अधिक काळ धेंपो सांभाळला. 2004-05 ते 2011-12 या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे: आधी नॅशनल लीग, मग आय-लीग. 2008 मध्ये एएफसी कपची उपांत्य फेरी. मधले काही हंगाम कोरडेही गेले, पण मालकांनी दर पराभवानंतर नवा माणूस शोधला नाही. त्या संघातून केवळ खेळाडू निघाले असे नाही. समीर नाईक पुढे धेंपोचेच प्रशिक्षक झाले, महेश गवळी राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षक ताफ्यात गेले, मिरांडांचे वर सांगितलेच. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. पुढे धेंपो खालच्या लीगमधून चढत 2024 मध्ये आय-लीगला परतला, तेव्हाही क्लब आपल्या जुन्या माणसांना विसरलेला नव्हता.

कोल्हापूरकराला हे नवीन सांगायला नको. तिथले फुटबॉल संघ तालीम मंडळांचे. कुस्तीच्या आखाड्यात वस्तादाची जागा जाहिरात देऊन भरत नाहीत. थोरल्या पठ्ठ्यांपैकी जो धाकट्यांना डाव शिकवू लागतो, तो हळूहळू वस्ताद होतो. फुटबॉलमध्येही पेठेतला जुना खेळाडूच संध्याकाळी शिट्टी घेऊन उभा राहतो. या पद्धतीत दोषही आहेत. पेठेबाहेरच्या जाणत्याला शिरकाव मिळत नाही आणि नात्यागोत्याची भीड पडते. पण मंडळ एका रात्रीत पोरके होत नाही.

जगातल्या मोठ्या क्लबांत या पद्धतीला सर्वांत जवळचा होता लिव्हरपूल. ॲनफिल्डवर बूट ठेवायची एक खोली होती. सामना संपला की प्रशिक्षक मंडळी तिथे बसून बोलत. 1959 मध्ये बिल शँकली आले तेव्हा क्लब दुसऱ्या विभागात होता. 1974 मध्ये त्यांनी पद सोडल्यावर त्याच खोलीतले बॉब पेझली मॅनेजर झाले आणि नऊ हंगामांत सहा लीग व तीन युरोपियन कप जिंकले. त्यांच्यानंतर जो फेगन, तेही त्याच खोलीतले. उलट मँचेस्टर युनायटेडमध्ये ॲलेक्स फर्ग्युसन 1986 ते 2013 इतका काळ राहिले, पहिली लीग जिंकायला त्यांना 1993 उजाडावे लागले, पण त्यांच्यामागे खोली तयार नव्हती. डेव्हिड मॉयस दहा महिन्यांत गेले. लुई व्हॅन गाल यांना एफए कप जिंकल्यावर दोन दिवसांत घरी पाठवले. मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग ही पुढची रांग.

आपल्या मराठी मुलखातले उदाहरण जास्त जिव्हारी लागते. एफसी पुणे सिटी 2014 ते 2019 एवढाच जगला. पाच हंगामांत फ्रँको कोलोंबा, डेव्हिड प्लॅट, अंतोनियो हबास, रँको पोपोविच, मिगेल आंखेल पोर्तुगाल आणि फिल ब्राऊन असे सहा परदेशी प्रशिक्षक, शिवाय मध्ये काही काळ प्रद्युम्न रेड्डी. यांतले हबास कोलकात्याला 2014 आणि 2019-20 मध्ये विजेतेपद देणारे, पुढे मोहन बागानला 2023-24 ची ढाल मिळवून देणारे. बालेवाडीत मात्र त्यांना काही लाभले नाही. माणूस तोच, मग पुण्यात काय कमी पडले? माझे उत्तर असे: दर वर्षी नवा माणूस नवी पद्धत घेऊन यायचा आणि तिला जोडून घेणारे कोणी आत नसायचे. पोपोविच यांच्या हाताखाली 2017-18 मध्ये संघ उपांत्य फेरीत गेला, तरी पुढच्या हंगामाला कोच नवाच. त्याच शहरात आधीच्या पुणे एफसीने डेरिक परेरांवर काही वर्षे विश्वास टाकला होता आणि 2012-13 च्या आय-लीगमध्ये ते उपविजेते ठरले होते. पैशाचे गणित न जमल्याने तोही क्लब 2015 मध्ये बंद पडला, हे वेगळे दुःख.

आतलाच माणूस पुढे आणण्याचे काम बंगळूर एफसीने एकदा नीट केले. आल्बर्ट रोका गेल्यावर 2018 मध्ये त्यांचेच साहाय्यक कार्लेस क्वाद्रात यांना बढती दिली आणि त्याच हंगामात आयएसएल जिंकली. जानेवारी 2021 मध्ये पराभवांची रांग लागताच क्वाद्रातही गेले.

मुंबईचे खालिद जमील यांची कहाणी या सगळ्याला छेदून जाते. मुंबई एफसीत बरीच वर्षे तुटपुंज्या साधनांवर काढून ते बाहेर पडले आणि 2016-17 मध्ये ऐजॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली. त्यानंतर ईस्ट बंगालमध्ये एकच हंगाम. ऑगस्ट 2025 मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले. ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्याला सिंगापूरकडून 1-2 हार झाली, आशियाई चषकाची वाट बंद झाली आणि 'कोच बदला'ची कुजबुज लगेच सुरू झाली. दोन महिन्यांत कोणाही माणसाचे मोजमाप होत नाही, असे मी ठामपणे म्हणतो.

बेळगाव-निपाणीच्या मंडळांना माझे एवढेच सांगणे आहे. आपल्याकडे स्पर्धांना बक्षिसे लागतात, चषक उंच होत जातात. त्यातला थोडा पैसा बाजूला काढा. रोज संध्याकाळी मैदानावर पोरांना खेळवणारा जो जुना खेळाडू आहे, त्याला फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षक परवान्याच्या अभ्यासक्रमाला पाठवा, आणि तो परत आल्यावर किमान तीन हंगाम त्याच्या मागे उभे राहा.