गाढवाच्या लग्नाचे वऱ्हाडी

पोथीतल्या कथेची थट्टा केली म्हणजे पोथीचा अपमान होतो काय, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून डोके वर काढतो. तो निघाला की दोन्ही बाजूंची जाणती माणसे तावातावाने बोलतात. पण ज्याने तिकीट काढून खेळ पाहिला, जो पोट धरून हसला किंवा ज्याला मुळीच हसू आले नाही, त्याला सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही आज त्या पाहणाऱ्यांच्या मतांविषयी बोलणार आहो, आणि उदाहरणादाखल ‘गाढवाचं लग्न’ हा २००७ सालचा चित्रपट घेणार आहो. दिग्दर्शक राजू फुलकर. सावळ्या कुंभार झाले मकरंद अनासपुरे, आणि त्याची बायको गंगी झाली राजश्री लांडगे. तलवाड्याच्या बाजारात उभे राहून सावळ्याचे नाव घ्या, चार माणसे हसतील. परंतु हा खेळ मुळात कोणत्या कथेवर रचलेला आहे असे विचारले, तर त्या चौघांतले तिघे तरी थबकतात. म्हणून प्रथम मूळ कथा.

मालुकवीची ‘नवनाथ भक्तिसार’ ही चाळीस अध्यायांची पोथी शके १७४१ मध्ये, म्हणजे इ. स. १८१९ साली पुरी झाली. श्रावणात ती आजही घरोघर लावली जाते. आपल्या मुलखाला तर नाथ परके नाहीत. आष्टी तालुक्यात मच्छिंद्रनाथांचे ठाणे आहे आणि शेजारच्या जिल्ह्यात मढीला कानिफनाथांचे. या पोथीत विक्रमराजाच्या जन्माची कथा आली आहे. सुरोचन नावाच्या गंधर्वाने इंद्राच्या सभेत अप्सरेशी गैरवर्तन केले. इंद्राने शाप दिला, ‘गाढव होशील.’ तो मिथिला नगरीत कमठ नावाच्या कुंभाराच्या दावणीला येऊन पडला. रात्री ते गाढव माणसाच्या वाणीने बोलू लागले की, राजकन्या सत्यवतीशी माझे लग्न लावून दे. कुंभाराची पाचावर धारण बसली. हे राजाच्या कानी गेले तर आपली मान राहत नाही, असा विचार करून त्याने बिऱ्हाड गुंडाळले आणि गाव सोडू लागला, तेव्हा शिपायांनी त्याला धरून राजापुढे नेले. राजाने अट घातली की, सारे नगर तांब्याचे करून द्यावे. गंधर्वाने विश्वकर्म्याकडून तेही करविले. राजा शब्दात सापडला, लग्न झाले, आणि कमठ सर्वांना घेऊन अवंतीला गेला. तेथे विक्रम जन्मला आणि गंधर्व शापातून सुटला.

हीच कथा इतरत्र गंधर्वसेनाच्या नावाने सांगतात. तीत थोडाफार फरक आहे, पण गाढव, राजकन्या आणि राजाची अशक्य अट ही तीन कलमे ठरलेली.

आता या कथेत कुंभाराचे काम काय ते पाहावे. तो भितो, निरोप पोचवतो आणि दोनदा गाव सोडतो. आमची उमेदीची वर्षे दर हंगामाला गाव सोडणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या संघटनेत गेली, म्हणून कदाचित आमची नजर गंधर्वाऐवजी त्या कमठाकडे आधी जात असेल. पण नजर तिकडे नेणारे आम्ही पहिले नव्हे. हरिभाऊ वडगावकरांनी ‘गाढवाचं लग्न’ हा वग लिहिला तेव्हा त्यांनी हीच करामत केली. गंधर्व आणि राजा बाजूला उभे केले, आणि चुलीशी भांडणारे कुंभार नवराबायको मध्ये आणून बसवले. कमठाचा सावळ्या झाला. तो भित्रा राहिलाच. पण आता त्याला तोंड आले, आणि त्याच्या बायकोला त्याहून मोठे तोंड आले. दादू इंदुरीकर आणि प्रभा शिवणेकर यांनी ही जोडी गाजवली. दादूंना पुढे संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. नंतरच्या काळात प्रकाश इनामदारांनी सावळ्याला नाट्यगृहांतल्या शहरी प्रेक्षकांपुढे वर्षानुवर्षे उभे केले. चित्रपट आला तो या सगळ्यांच्या मागून.

चित्रपट पाहणाऱ्यांची मते आम्ही अनेक ठिकाणी ऐकली: कारखान्याच्या तळावर कोप्यांपुढे, एस.टी.त, लग्नाच्या मांडवात. आता तर तो हातातल्या फोनवरही पाहतात. एक फोन आणि भोवती सहा डोकी. ही मते सारखी नाहीत, आणि सर्वांचे वजनही सारखे नाही.

पहिले मत, इंद्रसभेची आणि शापाची अशी टवाळी करू नये, हे. असे म्हणणारी माणसे बहुधा पापभीरू असतात, आणि त्यांना हसण्यावारी नेणे आम्हांला आवडत नाही. पण त्यांना आम्ही आपल्याच मुलखाची आठवण देतो. तमाशाचा आरंभ गणाने होतो. गणपतीला नमन झाले की लगेच गवळण येते, आणि तीत मावशी नावाची बाई, जी खरे पाहता लुगडे नेसलेला पुरुष असते, ती साक्षात कृष्णाशी हुज्जत घालते. नमन करणारे आणि हुज्जत घालणारे तेच लोक, त्याच रात्री, त्याच फळीवर. गेवराई तालुक्याच्या उत्तरेने गोदावरी वाहते. तिच्याच काठी वर पैठणला सोळाव्या शतकात एकनाथ होऊन गेले. त्यांच्या भारुडांत देवीला नवस बोलणारी एक सासुरवाशीण आहे. सासरची एकेक व्यक्ती दूर व्हावी म्हणून ती नवस बोलत जाते. तलवाड्याच्या डोंगरावर त्वरिता देवीला खरे नवस फेडून आलेल्या बायका ते भारूड ऐकतात आणि पदर तोंडाला लावून हसतात. त्यांच्या नवसाला त्याने कमीपणा आला असे आम्ही पाहिले नाही.

याहून जवळचा दाखला हवा असेल तर केज तालुक्यातले विडा गाव घ्या. जावई म्हणजे विष्णू, असे आपण मानतो. त्याचे पाय धुतो. त्या विड्याला धुळवडीच्या दिवशी जावयाला गाढवावर बसवून गावभर मिरवतात. पकडापकडी होते, जावई लपून बसतात, गळ्यात चपलांची माळ पडते. मिरवणूक संपली की त्याच जावयाला नवा पोशाख आणि अंगठी देऊन मान करतात. गेली कित्येक दशके हे चालले आहे. एक दिवस गाढवावर बसल्याने जावई सासऱ्याला परका होत नाही. गाढव हे जनावरही आपल्याकडे नुसते शिवी देण्यापुरते नाही. मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो आणि तेथे त्याचे दात पाहून मोल ठरते.

तथापि सगळीकडे हा समजूतदारपणा राहिलेला नाही. २००८ च्या जून महिन्यात ठाण्याच्या गडकरी रंगायतनात ‘आम्ही पाचपुते’ या नाटकाच्या वेळी स्फोट झाला आणि माणसे जखमी झाली. ते महाभारताची विडंबना करणारे नाटक होते. पुढे २०११ साली न्यायालयाने दोघांना शिक्षा दिली. आम्ही संघटनेचे माणूस. घोषणा, मोर्चा, बहिष्कार या गोष्टी आम्हांला चांगल्या ठाऊक आहेत. नाटक आवडले नाही तर दारात उभे राहून लोकांना ‘पाहू नका’ म्हणून सांगावे, पत्रके वाटावी, हा हक्क आम्ही कोणाचाही मान्य करू. पण वाहने ठेवण्याच्या जागेत स्फोटके ठेवणारा माणूस प्रेक्षक नसतो, आणि त्याचे ते मत नसते.

त्याच महाभारताचे दुसरे दोन खेळ याच्यासमोर ठेवून पाहावेत. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली आले. मालवणी गावातली माणसे द्रौपदी वस्त्रहरणाचा खेळ बसवतात आणि त्याचा बोजवारा उडतो. मच्छिंद्र कांबळी यांनी ते पाच हजारांहून अधिक वेळा केले. आणि १९८३ साली कुंदन शहांचा ‘जाने भी दो यारों’ हा हिंदी चित्रपट आला. त्यात एका अधिकाऱ्याचे प्रेत रंगभूमीवर द्रौपदी म्हणून उभे राहते, लबाड कंत्राटदार आणि प्रामाणिक छायाचित्रकार पांडव-कौरवांच्या वेषात त्याची ओढाताण करतात, आणि मध्येच अकबर-सलीमही घुसतात. लोक अजून तो प्रसंग एकमेकांना सांगून हसतात. ती हसण्याची गोष्ट कोठे संपते? कोसळलेल्या पुलाचा भ्रष्टाचार उघडा करू पाहणारे ते दोघे छायाचित्रकारच शेवटी कैद्याच्या कपड्यांत दिसतात. त्या प्रसंगात महाभारताची एक वीटही हललेली नाही. उलट, ज्या दरबारात थोरामोठ्यांदेखत अन्याय झाला आणि सारे गप्प बसले, तो दरबार आजही भरतो, एवढेच तो विनोद सांगतो.

दुसरे मत जुन्या लोकांचे: ‘वगाची सर पडद्याला नाही.’ हे मत आम्हांला पटते, पण त्याचे कारण नट नव्हेत. अनासपुरे मराठवाड्याचेच, बोलीचा ठसका त्यांना शिकवावा लागत नाही. कारण निराळे आहे. वगाची संहिता दगडावर कोरलेली नसते. सोंगाड्या ज्या गावात उतरला तेथला पाटील, तेथला पाणंद रस्ता, तेथली ग्रामपंचायत तो संध्याकाळपर्यंत हेरून ठेवी आणि रात्री राजदरबाराच्या प्रवेशात पेरी. पुढे बसलेला एखादा ओरडून टोमणा मारी. सोंगाड्या त्याला तिथल्या तिथे उत्तर देई. टोमणा चांगला असला तर तोच पुढच्या गावी सावळ्याच्या तोंडी जाई. म्हणजे प्रेक्षकाचे मत वगातच मुरे. चित्रपटाला हे करता येत नाही. तो एकदा डब्यात बंद झाला की मुंबईला जे बोलेल तेच माजलगावला बोलेल. त्याला टोमणा मारला तर ऐकणारे कोणी नाही. मग ते मत बाहेर कट्ट्यावर येऊन साचते, आणि कधी कधी नासते.

तिसरे मत आम्हांला एका कुंभारकाम करणाऱ्या गृहस्थांकडून कळले. त्यांना देवादिकांची चिंता नव्हती. ते म्हणाले की, हसायचे तेव्हा आमचाच माणूस का भोळसट दाखवायचा? राजा वेडा का नाही? या म्हणण्याला चित्रपटापाशी पुरते उत्तर आहे असे आम्हांला वाटत नाही. वगात सावळ्या दरबारात जाऊन राजाला शब्दात पकडतो, त्याचे अडाणीपण हेच त्याचे हत्यार होते, हे खरे. पण ते हत्यार चालवायला दादूंसारखा वस्ताद लागतो. ते नीट चालले नाही तर हसू राजाला न लागता कुंभाराला लागते. पहिल्या मतापेक्षा या मतावर अधिक चर्चा झाली असती तर बरे झाले असते. सत्यशोधकी जलशांनी नेमके हे ओळखले होते. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, गणगवळणीचा रंग बदलला, आणि थट्टेचा रोख भटजी-सावकाराकडे वळवला. कुणब्या-कुंभाराला शहाण्याचे काम दिले.

चौथे मत बायकांचे. ऊसतोडीत नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. उचल त्या जोडीच्या नावावर दिली जाते, आणि ती बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. त्यामुळे गंगी त्यांना फार जवळची वाटते. सावळ्याला ती जे फटकारते त्यावर कोपीतल्या बायका सर्वांत मोठ्याने हसतात. पण एका तळावर एका बाईने सरळ विचारले: त्या राजाच्या लेकीला कुणी इचारलं का? बापाने शब्द दिला, गाढवाने अट पुरी केली, कुंभाराने मध्यस्थी केली, ज्याने बाईवर हात टाकला म्हणून शाप मिळाला त्यालाच पुन्हा बाई मिळाली. आणि तिचे काय? त्यावर पुरुषमंडळी हसली. ती हसली नाही. आम्ही पोथी काढून पाहिली, वगाविषयी जाणत्यांना विचारले, चित्रपट पुन्हा पाहिला. तिन्ही ठिकाणी लग्नाची सारी हालचाल राजाच्या शब्दावर आणि गाढवाच्या हट्टावर चालते. थट्टेने कुंभाराला तोंड दिले, त्याच्या बायकोला दिले, गाढवाला तर पोथीनेच दिले होते. राजकन्येपर्यंत ती अजून पोचायची आहे. कोणी नवा वग लिहिणार असेल तर त्याने तेथून सुरुवात करावी, असे आम्ही सुचवू.

त्याच तळावर आम्ही पोथीतली तांब्याच्या नगरीची हकीकत सांगितली, तेव्हा मागे बसलेल्या एका तरुण तोडकऱ्याने शंका काढली की, एवढे नगर उभे केले, तर विश्वकर्म्याच्या हाताखाली माणसे असणारच. त्यांचा हिशेब कोणी केला? मुकादमासकट सगळे हसले. पोथीत त्या हिशेबाची ओवी नाही, एवढे आम्ही त्याला सांगितले.