कोथिंबीर का सडते, कशी टिकते?

खुडल्यावरही कोथिंबीर जिवंत असते. तिचे श्वसन चालू असते आणि पानांतून पाणी उडत राहते, म्हणून उघड्यावर ती सुकते. उलट ओली जुडी पिशवीत घट्ट बांधली, की बुरशी व जीवाणू वाढून ती सडते. थोडक्यात, हवा दमट हवी, पण पाने कोरडी हवीत.

जुडी आणताच सोडावी. पिवळी, कुजकी पाने काढून टाकावीत. धुवायची ती वापरतानाच. देठ दोन बोटे पाण्यात उभे करून वरून पिशवी सैल पालथी घालावी व फ्रिजमध्ये ठेवावे. पाणी एक दिवसाआड बदलावे. जागा नसेल तर कोरड्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवावी. पुदिन्यालाही हीच रीत चालते.

पिकलेली केळी, आंबे, टोमॅटो जवळ ठेवू नयेत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाने लवकर पिवळी पडतात.

बदलीच्या ठिकाणी बाजार आठवड्यातून एकदाच भरत असेल, तर एका जुडीवर आठवडा काढावा लागतो. सुट्टीत घरी गेलेल्या कॅडेटने हे दहा मिनिटांचे काम आपल्याकडे घ्यावे.