दिवा आपला, वाट सर्वांची

माझ्या मामूंकडे एक जुनी ॲम्बेसेडर मोटार आहे. या मोटारीचे उत्पादन 2014 मध्ये बंद झाले. पण मामू ती विकायला तयार नाहीत. "ही मोटार म्हणजे घरचे माणूस आहे," असे ते म्हणतात. दिवसा ती छान धावते. अडचण येते ती रात्री. तिचे पुढचे दिवे मंद झाले होते. मालेगाव-मनमाड रस्त्यावर एकदा बैलगाडी अगदी जवळ आल्यावर त्यांना दिसली. मामूंनी कसाबसा ब्रेक लावला आणि अपघात टळला.

दुसऱ्याच दिवशी मामूंनी बाजारातून झेनॉनचे प्रखर बल्ब आणले आणि जुन्या दिव्यांत बसवले. रात्री रस्ता लख्ख उजळला. मामू खूश झाले. पण समोरून येणारी प्रत्येक गाडी रागाने दिवे उघडझाप करू लागली. एका वळणावर समोरून सायकलीवर येणारे एक वृद्ध गृहस्थ कडेच्या चरात पडले. मामू धावत गेले आणि त्यांना हात देऊन उठवले. सुदैवाने फारसे लागले नव्हते. ते गृहस्थ म्हणाले, "भाऊ, तुमच्या दिव्यांमुळे मला काहीच दिसेना. रस्ता कुठे संपला तेच कळले नाही."

मामू त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी ते मला घेऊन मोहल्ल्यातल्या गॅरेजमध्ये गेले. तेथील उस्तादांनी जे समजावून सांगितले, ते तुम्हांलाही उपयोगी पडेल.

अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि डोळे मंद प्रकाशाला सरावतात. अशा वेळी अचानक प्रखर प्रकाश पडला, तर डोळे दिपतात. दिपलेले डोळे पूर्ववत होण्यास काही सेकंद लागतात. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर अंतर कापते. म्हणजे तीन सेकंद दिसले नाही, तर चालक 50 मीटर रस्ता आंधळ्यासारखा पार करतो! म्हणून दिव्याचा प्रकाश किती आहे, एवढेच पाहून चालत नाही. तो कोठे पडतो, हेही पाहावे लागते.

जुन्या गोल दिव्यात तीन भाग असतात : बल्ब, त्यामागचा चकचकीत परावर्तक आणि पुढची रेघांची काच. परावर्तक अन्वस्ताकार असतो. अशा आरशावर समांतर किरण पडले, तर ते नाभीत एकत्र येतात. बसरा येथे जन्मलेले थोर शास्त्रज्ञ इब्नुल हैसम यांनी सुमारे एक हजार वर्षांपूर्वी अशा आरशांवर ग्रंथ लिहिला होता. दिव्यात याच्या उलट घडते. नाभीपाशी तार पेटते आणि किरण समांतर होऊन दूरवर जातात.

1971 मध्ये एच-4 नावाचा हॅलोजन बल्ब आला. त्यात दोन तारा असतात. एक अपरसाठी, म्हणजे दूरच्या झोतासाठी. दुसरी डिपरसाठी, म्हणजे खालच्या झोतासाठी. डिपरची तार नाभीच्या थोडी पुढे असते आणि तिच्या खाली पत्र्याची छोटी वाटी असते. या वाटीमुळे प्रकाश परावर्तकाच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तेथून खाली रस्त्यावर जातो. मामूंनी आणलेल्या बल्बला अशी वाटी नव्हती. त्यामुळे परावर्तकाच्या खालच्या भागावरही प्रकाश पडला आणि तो वर, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत गेला. शिवाय एच-4 बल्बच्या डिपरचा प्रकाश सुमारे 1000 ल्युमेन असतो. झेनॉन बल्बचा सुमारे 3200 ल्युमेन. चूक एकटीच नव्हती, ती तिप्पट झाली होती!

"पण मग जुना दिवा इतका मंद का होता?" मी विचारले.

उस्तादांनी मीटर लावून दाखवले. इंजिन चालू असताना बॅटरीपाशी 13.5 व्होल्ट होते. दिव्यापाशी जेमतेम 12. बाकीचे जुन्या, गंजलेल्या तारांत आणि बटणात वाया जात होते. व्होल्टेज 10 टक्क्यांनी घटले, की प्रकाश सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. "भाईजान, पुष्कळ गाड्यांचे काम नवी तार आणि रिले बसवूनच भागते," उस्ताद म्हणाले. "पण तुमचे परावर्तकही गंजले आहेत. आता दिवेच बदलायचे, तर प्रोजेक्टर नीट बसवू."

प्रोजेक्टर दिव्याची रचना वेगळी असते. त्याचा परावर्तक साधारणपणे लंबवर्तुळाकार असतो. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात. पहिल्या नाभीपाशी बल्ब असतो. त्याचा प्रकाश दुसऱ्या नाभीपाशी गोळा होतो. नेमकी तेथेच धातूची एक उभी पट्टी असते. तिच्यापुढे बहिर्वक्र भिंग असते. पट्टी खालचा प्रकाश अडवते. पण भिंग प्रतिमा उलटी करते. त्यामुळे रस्त्यावर वरचा भाग अंधारात राहतो आणि खालचा उजळतो. या दोहोंमध्ये सुरीने कापल्यासारखी स्वच्छ रेषा दिसते. अपरचे बटण दाबले, की काही प्रोजेक्टरमध्ये विद्युतचुंबकाने पट्टी बाजूला होते आणि प्रकाश दूर जातो. असे दिवे 1980 नंतरच्या दशकात मोटारींत येऊ लागले. 1991 मध्ये बीएमडब्ल्यूच्या 7-सीरिज मोटारीत झेनॉन बल्बही आला.

उस्तादांनी काम कसे केले, ते आता पाहू. प्रथम त्यांनी रेघांची काच काढून साधी, स्वच्छ काच बसवली. रेघांमुळे प्रकाश पसरतो आणि प्रोजेक्टरची नेमकी रेषा बिघडते. मग एच-4 बल्बच्या भोकातून प्रोजेक्टरचा आटे असलेला दांडा घालून मागून नट आवळला. आवळण्यापूर्वी रेषा आडवी आहे की नाही, हे दिवा लावून पाहिले. झेनॉन बल्ब सुरू होताना क्षणभर जास्त विद्युतप्रवाह घेतो. म्हणून बॅटरीपासून जाड तार, फ्यूज आणि रिले बसवले. बल्ब पेटवण्यासाठी 20,000 व्होल्टहून अधिक दाब लागतो. त्यामुळे हे काम जाणकारानेच करावे. मुलांनी त्याला हात लावू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रोजेक्टर निवडताना पाहावी लागते. आपल्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. म्हणून आपल्याकडच्या दिव्याची रेषा डावीकडे थोडी वर चढते. त्यामुळे कडेचा पादचारी आणि रस्त्यावरची पाटी दिसते. उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला, रेषा खालीच राहते. जर्मनी किंवा अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात. तेथील प्रोजेक्टर आपल्याकडे लावला, तर चढण उजवीकडे येते आणि समोरच्याचे डोळे दिपतात. वस्तू उत्तम असली, तरी ती आपल्या रस्त्यासाठी आहे का, हे पाहावे लागते.

शेवटी रेषा मोजायची. सपाट जागेवर मोटार भिंतीपासून 10 मीटर दूर उभी केली. दिव्याची जमिनीपासून उंची 70 सेंटिमीटर होती. उस्तादांनी भिंतीवर 60 सेंटिमीटर उंचीवर खडूने रेघ ओढली आणि प्रकाशाची रेषा तेथे आणली. 10 मीटरमध्ये 10 सेंटिमीटर उतार, म्हणजे 70 मीटरवर ती रेषा रस्त्याला टेकते. तेवढ्या अंतरापर्यंत रस्ता दिसतो आणि समोरच्याचे डोळे अंधारातच, सुरक्षित राहतात.

कायदाही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार दिव्याचा झोत खाली वळवलेला असावा लागतो. दिव्यापासून 8 मीटरवर, जमिनीपासून 1.5 मीटर उंचीवर असलेले डोळे त्याने दिपता कामा नयेत. वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये बंधने आहेत. म्हणून असे काम करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घेणे आवश्यक आहे. मामूंनी आधी तेच केले होते.

त्यानंतर एका रात्री आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. समोरून गाड्या येत होत्या. कोणीही दिवे उघडझाप केले नाहीत. वळणापाशी एक सायकलस्वार आला आणि सरळ निघून गेला. त्याने आमच्याकडे वळूनही पाहिले नाही. मामू हसून म्हणाले, "बेटा, आज खरा उजेड पडला!"

शब्दार्थ
चर - रस्त्याच्या कडेचा लांब खड्डा
डोळे दिपणे - प्रखर प्रकाशाने क्षणभर न दिसणे
परावर्तक - प्रकाश परत फेकणारा आरसा
नाभी - किरण जेथे एकत्र येतात तो बिंदू
बहिर्वक्र भिंग - मध्ये जाड व कडेला पातळ असलेले भिंग
जाणकार - माहीतगार, तरबेज

स्वाध्याय
प्रश्न 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सायकलीवरून येणारे गृहस्थ चरात का पडले?
(आ) जुना दिवा मंद का झाला होता?
(इ) प्रोजेक्टरमध्ये धातूच्या पट्टीचे काम काय असते?

प्रश्न 2. कारणे लिहा.
(अ) उस्तादांनी रेघांची काच काढून टाकली.
(आ) जर्मनीतील प्रोजेक्टर आपल्या रस्त्यावर उपयोगाचा नाही.

प्रश्न 3. 'बेटा, आज खरा उजेड पडला!' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्रश्न 4. वाक्यात उपयोग करा : हात देणे, खात्री करणे, वाया जाणे.

उपक्रम : दिव्याची उंची 80 सेंटिमीटर आहे आणि 10 मीटरमध्ये उतार 10 सेंटिमीटर आहे. प्रकाशाची रेषा रस्त्याला किती अंतरावर टेकेल, ते आकृती काढून दाखवा.