वैयावृत्त्याला यंत्राची जोड

खाली दुकान आणि वर घर, ही व्यापारी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची मांडणी. माडीवर एखादे भांडे पडले, तरी गल्ल्यावर बसलेल्या मुलाच्या कानी ते जात असे आणि जिना चढून तो आईची विचारपूस करून येत असे. आज अनेक घरांचा व्यापार पुणे, मुंबई किंवा बंगळुरूला गेला आहे, नातवंडे परदेशी शिकत आहेत. मंदिर, स्थानक आणि शेजार सोडवत नाही म्हणून आई-वडील मात्र जुन्या घरात दोघेच, कधी एकटेच, राहत आहेत. भांडे आजही पडते. ते ऐकणारे कोणी नसते.

2011 च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे 10 कोटी 40 लाख होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत वृद्धांचे प्रमाण सर्वाधिक असते. पडण्याइतकेच घातक असते ते तसेच पडून राहणे. तासाभराहून अधिक काळ कोणी उचलले नाही, तर स्नायूंची हानी होते, शरीरातील पाणी कमी होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून खरा प्रश्न असतो तो खबर किती लवकर पोहोचते याचा.

किटलीने दिलेली खबर

जपानमधील झोजिरुशी या कंपनीने 2001 मध्ये यावर एक साधा उपाय आणला. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी तिने पाणी गरम ठेवणारी विजेची किटली तयार केली. किटलीतून पाणी घेतले, की त्याची नोंद दूर राहणाऱ्या मुलांपर्यंत जाते. घरात कॅमेरा नाही, गळ्यात बटण नाही. आईने नेहमीप्रमाणे सकाळी चहा घेतला, एवढेच मुलाला कळते आणि तेवढे पुरते.

या युक्तीमागचे तत्त्व व्यापाऱ्यास सहज उमगेल. रोजमेळ नियमाने लिहिला, की एखाद्या दिवशी नोंद नसल्याचे लगेच नजरेत भरते. आजची बुद्धिमान साधनेही हेच करतात. दार केव्हा उघडते, स्वयंपाकघरात कितीदा वावर होतो, रात्री किती वेळा उठणे होते, याची खतावणी ती मनाशी ठेवतात आणि नित्यक्रम मोडला की इशारा देतात.

टोरोंटोतील प्रयोग

कॅनडातील टोरोंटो येथे अ‍ॅलेक्स मिहायलिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला हात धुण्याची कृतीही मध्येच विसरायला होते. मग जोडीदाराला न्हाणीघरात उभे राहून प्रत्येक पायरी सांगावी लागते. त्यात एकाची दमणूक आणि दुसऱ्याचा संकोच. या संशोधकांनी ‘कोच’ नावाची प्रणाली घडवली. बेसिनवरचा कॅमेरा हातांची हालचाल पाहतो. पायरी चुकली तरच ध्वनीने किंवा चित्राने सूचना मिळते. सूचनेने भागले नाही, तरच माणसाला बोलावले जाते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा वृद्धांवरील चाचणीत मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्यांनी सरासरी 11 टक्के अधिक पायऱ्या स्वतःच्या स्वतः पार पाडल्या आणि मदतनीसाचा हस्तक्षेप 60 टक्क्यांनी घटला. चाचणी लहान होती. पण जेथे माणूस स्वतः समर्थ आहे तेथे यंत्राने गप्प राहावे, हा तिचा धडा मोठा आहे.

सामायिक की अपघात?

अशी साधने जैन घरात आणताना मात्र ती त्या घराचा आचार शिकली पाहिजेत. सामायिकात 48 मिनिटे आसन स्थिर असते. यंत्राला ती निश्चलता अपघात वाटू शकते. चौविहार उपवासाच्या दिवशी किटलीला हातही लागणार नाही आणि दूरचा मुलगा घाबरून जाईल. खोटे इशारे वारंवार आले, की घरचे कंटाळून साधनच बंद करतात आणि खऱ्या प्रसंगी ते मुके राहते.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. सामायिकात किंवा पौषधात विजेच्या साधनाला स्पर्श न करण्याचा नियम अनेक जण पाळतात. त्या वेळी भोवळ आली, तर मदतीचे बटण दाबायचे कोणी? म्हणून अष्टमी-चतुर्दशी, पर्युषण आणि सामायिकाची वेळ साधनात आधी नोंदवावी. सामायिक संपल्यावर ठरावीक वेळेत वावर दिसला नाही, तर शेजाऱ्याला फोन जावा. आणि कोणते साधन चालेल, हे आई-वडिलांच्या नियमानुसारच ठरावे.

न विचारता घेतलेली नजर

आई-वडिलांच्या खोलीत त्यांना न सांगता कॅमेरा बसवणारी मुले प्रेमापोटीच तसे करतात. परंतु जे दिलेले नाही ते घेणे म्हणजे अदत्तादान. हे वस्तूला लागू आहे, तर कोणाच्या एकांताला का नसावे? काय पाहिले जाईल, कोण पाहील आणि ते केव्हा बंद करता येईल, हे वडीलधाऱ्यांसमोर बसून ठरले पाहिजे.

साधन घेण्यापूर्वी काही साध्या गोष्टी कराव्यात. न्हाणीघरात धरण्यासाठी दांडा आणि न घसरणारी फरशी, जिन्यावर रात्रीचा दिवा, घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे. ज्येष्ठांसाठीची 14567 ही राष्ट्रीय मदतवाहिनी आणि रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर असावा.

जैन परंपरेने सेवेला, वैयावृत्त्याला, अभ्यंतर तपांत स्थान दिले आहे. तप दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही, यंत्राकडून तर नाहीच. यंत्र फार तर सांगेल, की आई आज उठलेली नाही. जिना चढायचा तो मुलालाच. आणि तो दूर असेल, तर त्याच्या वतीने चढणारे कोणी आजच ठरलेले हवे.